रखमाजी मापाड्याचे चिंचोके

भाटघरच्या खळ्यावर रखमाजी मापाड्याने पायली हातात घेतली, की बोलती माणसे आपोआप गप्प होत. त्याचे कुणाला भय वाटे असे नव्हे. तो मोजताना गात असे, आणि त्या गाण्यात कुणाचा शब्द पडला तर आकडा घसरेल, अशी साऱ्यांची समजूत होती. गाणे म्हणजे तरी काय, तर तोच तोच आकडा. एकाला एक म्हणायचे नाही, लाभ म्हणायचे. "लाभ, लाभ, लाभ रे लाभ" असे घोळवीत पहिली पायली पोत्यात पडे. मग "दोन, दोन, दोन रे दोन". बारा पायल्यांचा मण भरला की घोंगडीवर एक चिंचोका सरके. शेवटी चिंचोके मोजून रखमाजी उभा राही आणि राशीचा आकडा मोठ्याने बोले. तो एकदाच बोलायचा. मालकाने ऐकायचा, वाटेकऱ्याने ऐकायचा, आणि पुढे त्यावर चर्चा नाही.

लाभाच्या आधीही एक पायली निघे, पण ती मुकाट्याने. रास पुजून झाली की पहिले माप वाघजाई देवीचे. ते शिगोशीग भरायचे, खळ्याच्या कोपऱ्यात पानावर वेगळे ओतायचे आणि त्याला आकडा द्यायचा नाही. मोजून घातले ते उसने, न मोजता घातले ते दिलेले, असे रखमाजीचा बाप म्हणे.

बापाची आणखी एक गोष्ट गावात सांगत. अंगात ताप असताना त्याने एकदा वीस मणांची रास एकवीस म्हणून बोलून टाकली. चूक उमगली तेव्हा आकडा तोंडातून गेला होता. त्याने तो फिरवला नाही. घरच्या कणगीतून मणभर भात आणला, राशीत ओतला आणि बोललेला आकडा खरा केला. त्या सालात घरी नाचणीची भाकरीच जास्त झाली. मापाड्याची जीभ एकदाच वळते, एवढे मात्र रखमाजीच्या मनावर कायमचे कोरले गेले.

रखमाजीची स्वतःची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली होती. उरली होती ती पायली. रास मोजून झाली की मालक दोन्ही हातांनी पसाभर धान्य त्याच्या उपरण्यात घाली. अशा पशांवर त्याचे आणि त्याच्या बायकोचे, सोजराबाईचे, वर्ष निघे. जमीन गेल्याचे दुःख त्याने फारसे कुणाला सांगितले नाही. उलट ज्या पाण्याने ती गिळली त्या पाण्याचेच त्याला कुतूहल होते. धरणाच्या भिंतीशी आकडे कोरलेली एक पट्टी होती. पाणी न ओतता, न उचलता, नुसते बघून मोजतात, ही गोष्ट त्याला इतकी नवलाची वाटली की तो वरचेवर तिथे जाऊन उभा राही आणि धरणाच्या कचेरीतल्या कारकुनाला शंका विचारी. कारकून पुण्याकडचा, वयाने निम्मा, बोलायला माणूस नसल्याने कंटाळलेला. तो उत्तरे देई. अशी त्या दोघांची ओळख झाली.

धरणावरच्या लोकांचा आणि भोरच्या लोकांचा दर हिवाळ्यात क्रिकेटचा सामना होत असे. धरणाच्या संघात कचेरीतले चारपाच जण आणि बाकी धरणाच्या दारांवर काम करणारे गावचेच गडी. भोरच्या संघाचे पुढारी शाळेतले एक मास्तर होते. आदल्या वर्षी दोन्ही बाजूंनी आपापला धावा लिहिणारा बसवला होता, आणि शेवटी दोन वह्यांत दोन निकाल निघाले. माणसे हमरीतुमरीवर आली; पंचाची टोपी ओढ्यात गेली. म्हणून या वर्षी ठरले की मोजणारा एकच असावा आणि तो दोघांना मान्य असावा. भोरच्या कित्येकांची शेती धरणाच्या आसपास होती. त्यांच्या राशी रखमाजीने मोजल्या होत्या. मास्तरांनीच त्याचे नाव सुचवले, आणि त्यावर कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

रखमाजीने हा खेळ लांबून पाहिला होता. त्यात मोजण्यासारखे काय आहे ते त्याला ठाऊक नव्हते, म्हणून तो हो म्हणाला.

शिकवायचे काम कारकुनाकडे आले. तो हिवतापाने अंथरुणाला खिळला होता, नाहीतर वही त्यानेच धरली असती. संध्याकाळच्या वेळी रखमाजी त्याच्या खाटेशी येऊन बसे आणि कारकून कांबळ्यातून नुसते तोंड बाहेर काढून त्याला एकेक गोष्ट समजावी. वहीचा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात निघाला. रखमाजीला अंक येत, अक्षरे येत नसत. तेव्हा चिंचोक्यांवर चालवायचे ठरले: घोंगडी पसरायची, प्रत्येक गड्याची वेगळी ढिगली करायची, धाव निघाली की तिच्यात चिंचोका टाकायचा. सहा चेंडूंसाठी सहा खडे. एक चेंडू पडला की एक खडा डावीकडून उजवीकडे. इथवर खळ्यापेक्षा काही निराळे नव्हते. निराळे पुढे होते.

चेंडू पडला आणि धाव निघाली नाही, तर तिथेही एक टिंब द्यायचे, असे कारकून म्हणाला. रखमाजीने हे दोनदा विचारून घेतले. रिकामी पायली कुणी मोजल्याचे त्याने ऐकले नव्हते. पण काही झाले नाही हेही कुठेतरी राहिले पाहिजे, कारण गोलंदाजाने तेवढे केलेले असते, असे कारकुनाने सांगितले. दुसऱ्या दिवशी येताना त्याने एका घमेल्यात ओली माती आणली आणि तिच्यात बोटाने टिंबे कशी उमटतात ते दाखवले.

बॅटीला न लागता चेंडू मागे गेला आणि गडी पळाले, तर ती धाव पळणाऱ्याची नसते. ती नुसती संघाची. हे त्याला चटकन कळले. रास उचलल्यावर खळे झाडून जे मातेरे निघते, तेही असेच कुणा एकाच्या हाताचे नसते, पण राशीचेच असते. झेल देऊन गडी बाद झाला तर जातो एक आणि नावे लागतात दोघांची, याचे त्याला हसू आले. असे सोयरिकीत होते, म्हणाला. आणि सगळ्यांत आवडला तो ताळा. गड्यांच्या ढिगल्या आणि मातेऱ्याची ढिगली मिळून संघाचा आकडा आलाच पाहिजे, हे करून बघण्यासाठी तो कारकुनाला खोटे खोटे डाव रचायला लावी. तापात बरळल्यासारखा कारकून चौके आणि बाद सांगत जाई, आणि रखमाजी चिंचोके टाकत जाई. ताळा प्रत्येक वेळी जुळला.

एकच शंका त्याच्या मनात राहिली होती. ती त्याने शेवटच्या संध्याकाळी विचारली.

"ह्या समद्या धावा मोजून झाल्यावर जात्यात कुणाच्या घरी?"

"कुणाच्याच नाही, नाना," कारकून म्हणाला. "किती झाल्या एवढं बघायचं आणि सोडून द्यायच्या."

"मंग मोजायच्या कशापायी?"

कारकुनाने कांबळे वर ओढून घेतले. तो म्हणाला, थंडी वाजू लागली, आता उद्या बघू. रखमाजी घरी गेला, पण जे कुणी घरी नेत नाही ते इतके काटेकोर मोजायचे, हा विचार काही त्याच्या मनातून हटेना. सोजराबाईला त्याने तो ऐकवला. ती म्हणाली, "पसा देनार हाईत का न्हाई, ते इचारलं का आदी?" ते त्याने विचारले नव्हते.

सामना धरणाच्या खालच्या माळावर होता. भिंतीच्या सावलीतून माळ बाहेर आला तेव्हा रखमाजी करंजाच्या झाडाखाली घोंगडी टाकून बसला होता, पटका नवा बांधून, रास मोजायला बसावे तसा. झाडाला शाळेचा काळा फळा टेकवला होता. गडी बाद झाला की त्यावर तोवरचा आकडा मांडायचा, इतकेच ठरले होते. भोरचे गडी त्याला नावाने माहीत नव्हते, म्हणून प्रत्येकाच्या ढिगलीशी त्याने एकेक खूण ठेवली: उंच होता त्याच्यापाशी जोंधळ्याचे धाट, चष्मा लावणाऱ्यापाशी करंजाच्या दोन शेंगा, आणि सलामीला आलेल्या मास्तरांपाशी खडूचा तुकडा.

पहिली धाव मास्तरांनी काढली. चेंडू हळूच ढकलून ते पळाले. रखमाजीने चिंचोका उचलला, कपाळाला लावला, आणि मागे वळून करंजाच्या बुंध्याशी एका पळसाच्या पानावर ठेवला. मग घोंगडीकडे वळून पुढच्या धावेला तो मनातल्या मनात म्हणाला, लाभ.

कारकुनाच्या खाटेशी इतके डाव मोजले, त्यांत हे कधी झाले नव्हते. खोट्या राशीतून देवीचे काढायचे नसते. ही रास खरी होती.

मास्तर बाद झाले तेव्हा घाम पुसत ते घोंगडीपाशी येऊन टेकले आणि माझ्या किती झाल्या म्हणून त्यांनी सहज विचारले. रखमाजीने ढिगली मोजून अकरा सांगितले. मास्तरांच्या मनात बारा होत्या. पण एका धावेसाठी मापाड्याशी वाद घालणे त्यांना शोभले नसते. त्यांचे लक्ष पानावरच्या चिंचोक्याकडे गेले. ते काय, असे त्यांनी विचारले. देवीचे, असे रखमाजी म्हणाला, आणि मास्तरांनी सवयीने त्याला हात जोडले.

भोरचा डाव संपला तेव्हा फळ्यावर अठ्ठ्याऐंशी आले.

दुपारी धरणाचा डाव सुरू झाला. त्यांचा पहिला गडी ज्ञानू, दारांच्या साखळ्या ओढणारा, खांद्याने दांडगा. त्याच्या ढिगलीशी रखमाजीने एक लोखंडी चकती ठेवली होती. ज्ञानूने पहिलाच चेंडू बाभळीपल्याड चुन्याच्या रेघेबाहेर धाडला. माळावर आरोळी उठली. रखमाजीने चार चिंचोके उचलले, कपाळाला लावले आणि पानावर ठेवले. चिमाजी जवळच बसला होता. वाघजाईच्या पूजेचा मान त्याच्या घराकडे. वरच्या अंगाला त्याची शेती. त्याने ते पाहिले आणि समाधानाने मान हलवली. देवी दोन्हीकडची होती. तिने दोन्हीकडून घेतले, यात वावगे ते काय?

डाव पुढे ओढत राहिला. एका बाजूने गडी जात होते, दुसऱ्या बाजूला ज्ञानू टिकून होता. नववा गडी बाद झाला तेव्हा फळ्यावर ऐंशी होते. शेवटचा आला तो कचेरीतला हरकाम्या, ज्याला बॅट कशी धरतात हेच त्या दिवशी कळले होते. दोघांनी मिळून चोरून-मारून सहा धावा पळून काढल्या. सहाव्या धावेला ज्ञानू गुडघ्यावर पडला, उठला. पुढच्या चेंडूला हरकाम्याच्या यष्ट्या उडाल्या.

रखमाजीने ढिगल्या मोजल्या, मातेरे मोजले, ताळा घेतला. जुळला. तो उभा राहिला. माळ शांत झाला, खळे होते तसा.

"भोर, अठ्ठ्याऐंशी," तो म्हणाला. "धरण, शहाऐंशी."

भोरकरांनी मास्तरांना खांद्यावर घेतले. धरणाचे लोक माना खाली घालून खेळपट्टीवरची चटई गुंडाळू लागले. ज्ञानू तेवढा घोंगडीकडे आला. दिवसभर उन्हात उभा राहून त्याचे ओठ फुटले होते. हरलो ते हरलो, पण माझ्या किती झाल्या ते तरी सांगा, म्हणाला.

"एकवीस."

ज्ञानूने बोटांवर काहीतरी पुन्हा केले. "पंचवीस व्हत्यात, नाना. पैला चौका धरलाय न्हवं?"

"त्यो देवीचा."

"कुणाचा?"

रखमाजीने मान वळवून पानाकडे दाखवले. ज्ञानूने पानाकडे पाहिले, मग रखमाजीकडे पाहिले. आजूबाजूचे दोघेचौघे थांबले.

"फळी काय देवीनं धरली व्हती?" ज्ञानू म्हणाला.

"ज्ञानू, जीभ आवर," मागून चिमाजी बोलला.

पण बातमी माळाच्या टोकापर्यंत गेली होती. भोरची पोरे मागे फिरली. ज्ञानूचे चार धरले तर धरणाच्या नव्वद होतात, हा हिशेब कुणीतरी मोठ्याने केला, आणि गिल्ला झाला. निकाल लागल्यावर चार धावा कुठून आल्या, असे भोरकर विचारू लागले. एकाने टोमणा मारला, "धरणाचा मापाडी, धरणाचं माप." हे वाक्य रखमाजीने ऐकले. उभ्या आयुष्यात असे वाक्य त्याच्या मापाला लागले नव्हते. त्याच्या हातात मोजून झालेले चिंचोके होते, ते त्याने खाली ठेवले नाहीत.

मास्तर खांद्यावरून उतरून आले. पानावर पाच चिंचोके होते. त्यांनी विचारले की चार ज्ञानूचे, तर पाचवा कुणाचा? रखमाजी म्हणाला, तुमचा.  आपल्या पोरांकडे वळून मास्तरांनी सांगितले की सकाळी आपल्या हिशेबाने बारा होत्या आणि इथे अकरा निघाल्या. तेव्हाच बोलायला हवे होते.

"तो एक माझा," ते म्हणाले. "मी त्याला हातसुद्धा जोडले."

कुणी हसले, पण हसणे पुढे गेले नाही. मास्तरांच्या शब्दामुळे एक गोष्ट मात्र उलगडली: रखमाजीने चोरून काही केले नव्हते. दोन्ही बाजूंचे पहिले माप त्याने काढून ठेवले होते. फक्त एकाचे माप एका धावेचे निघाले आणि दुसऱ्याचे चारांचे. म्हणजे भोरच्या एकोणनव्वद, धरणाच्या नव्वद. शेवटचा गडी बाद होण्याआधीच धरण जिंकले होते. मास्तरांनी हे तोंडाने म्हटले नाही, पण बोटे मोजून मनाशी जुळवलेले सर्वांना दिसले.

अडले ते भलत्याच ठिकाणी. चिमाजी पुढे आला आणि पानासमोर उभा राहिला. देवीपुढे ठेवलेले परत घेऊन सामना जिंकायचा, असला विजय गावाला नको, असे त्याचे म्हणणे पडले. गावचे म्हातारे त्याच्या बाजूने झाले. तरण्यांना ते पटेना. ज्ञानू तर रडकुंडीला आला होता. आता वाद धरणाचा आणि भोरचा राहिला नव्हता. भोरकर बाजूला उभे राहून, आपण जिंकलो की हरलो हे दुसऱ्यांच्या भांडणातून कळायची वाट बघत होते.

"मापाड्याला इचारा," चिमाजी म्हणाला. "नाना, बोललेला आकडा फिरतो का?"

फिरत नाही, हे सगळ्यांना माहीत होते. रखमाजीला सर्वांत जास्त माहीत होते. बापाने कणगी रिकामी करून जे राखले ते त्याच्या जिभेवर होते. शिवाय आकडा फिरवला तर तो आपल्याच गावाच्या पदरात पडत होता. ते टोमण्याचे वाक्य भोरच्या बाजारात कायमचे राहायला मोकळे झाले असते. गप्प राहिला तर काही बिघडत नव्हते. बोललेला आकडा उभा होता, देवी संतुष्ट होती, चिमाजी पाठीशी होता.

पण त्याचे मन भलतीकडेच लागले होते. कारकुनाला विचारलेला प्रश्न त्याला आठवत होता. ह्या धावा कुणाच्या घरी जातात? कुणाच्याच नाही. खळ्यावर तो आजवर मोजत आला ते घरी जाणारे धान्य. मालकाचे किती, वाटेकऱ्याचे किती, हे ठरवण्यासाठी त्याला बोलावीत. आणि देवीचे तर वाटणीत नव्हते, म्हणून ते मोजायचे नव्हते. तो वाटा मोजत होता. शेतात पिकले किती, हे त्याला कधी कुणी विचारलेच नव्हते. इथे मात्र तेवढेच विचारले होते. इथे वाटाच नव्हता. घरी कुणी काही नेणार नव्हते, म्हणूनच सगळे मोजायचे होते. रिकामा चेंडूसुद्धा.

त्याला हे एकदम लख्ख दिसले, आणि जे दिसले त्याची गंमत इतकी वाटली की क्षणभर भोवतीची माणसे तो विसरला.

"चिमाजी," तो म्हणाला, "देवीचं देवीपाशीच ऱ्हाईल. म्या त्याला हात लावत न्हाई. पन देवीला दिलं म्हनून ते पिकलंच न्हवतं, असं म्हनता यील का?"



रखमाजी दुसऱ्यांदा उभा राहिला. आवाज मघासारखा लागला नाही. "भोर, एकोणनव्वद. धरण, नव्वद."

पानावरचे पाच चिंचोके पानावरच राहिले.

मास्तरांनी ज्ञानूची पाठ थोपटली आणि आपल्या पोरांना गोळा करून ते भोरच्या रस्त्याला लागले. धरणाच्या लोकांनी ज्ञानूला उचलले खरे, पण आरोळ्या जरा दबूनच दिल्या. घोंगडी झटकताना रखमाजीजवळ कुणी नव्हते.

कारकुनाने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि खाटेवर उठून बसला. आपण शिकवताना हे एक सांगायचे राहिले, याबद्दल त्याने स्वतःलाच बोल लावला. मग मोजायच्या कशापायी, याचे उत्तर मिळाले का, असे त्याने विचारले. रखमाजी म्हणाला, मिळाल्यावाणी वाटतंय, पन हातात धराया गेलं तर निसटतंय.

घरी सोजराबाई एवढेच म्हणाली, "गावाला खेळ जिंकून दिला, अन् घरचं माप उपडं घातलं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आकडा फिरवलेला मापाडी, ही गोष्ट भाटघरात पूर्वी घडली नव्हती, त्यामुळे तिचे काय करायचे हेही कुणाला ठाऊक नव्हते. भाताच्या राशी सामन्याआधीच उरकल्या होत्या. आता पाळी होती हरभऱ्याची. माणसे रखमाजीशी पहिल्यासारखी बोलत, तंबाखू देत, पण हरभरा कधी काढणार असे त्याने विचारले की विषय पाण्याकडे किंवा गुरांकडे वळवीत. सारे चिमाजीकडे बघून होते. चिमाजीने दुसरा मापाडी आणला तर तेही आणणार. विंझरकडे एक मापाडी आहे, चांगला गातो, असे कुणी कुणाला सांगितल्याचेही कानावर आले. रखमाजी रोज सकाळी पायली पुसून कोनाड्यात ठेवी, उताणी.

फाल्गुनात एके दिवशी चिमाजी स्वतःच दारात येऊन उभा राहिला. त्याने निरोप धाडला नव्हता, हे सोजराबाईने लक्षात घेतले. तो आत आला नाही, बसला नाही. म्हणाला, "चला. रास पुजलीय."

खळ्यावर हरभऱ्याची रास होती. चिमाजीचा वाटेकरी एका कडेला उभा होता. रखमाजीने पायली भरली, शीग लावली आणि नेहमीसारखा तो मुकाट्याने कोपऱ्यातल्या पानाकडे निघाला.

"थांबा," चिमाजी म्हणाला. "बोलून वता."

"काय बोलू?"

"आकडा. देवीचा."

रखमाजी भरली पायली हातात घेऊन उभा राहिला. देवीच्या मापाला काय म्हणायचे ते त्याला कुणी शिकवले नव्हते. लाभ म्हणावे तर ती वाट्याची सुरुवात. शेवटी तो नुसते "देवीचं, एक" असे म्हणाला आणि पानावर पायली ओतली. आपलाच आवाज त्याला अनोळखी वाटला. मग दुसरी पायली भरून तो पुन्हा अडखळला; आता दोन म्हणायचे, की लाभ? त्याने चिमाजीकडे पाहिले. चिमाजीही विचारात पडला होता. वाटेकरी एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता.

"लाभच म्हना," चिमाजी म्हणाला. "पन दोनी ध्यानात ठिवा."

रास मोजून झाली. रखमाजीने वाट्याचा आकडा बोलला, आणि दम घेऊन दुसरा आकडा बोलला, पिकल्याचा. एका राशीचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे. आपला बाप हे ऐकता तर काय म्हणता, हे त्याला कळेना.

चिमाजीने दोन्ही आकडे स्वतःशी पुटपुटून पाहिले. मग त्याने हात हरभऱ्यात घातले आणि पसा भरून रखमाजीच्या उपरण्यात ओतला. ओतून झाल्यावरही तो हलला नाही. वर डोंगराच्या पोटाशी त्याचा एक तुकडा होता. तिथे त्या साली दाणा आला नव्हता, घाटे भरायच्या आधीच रोप जळून गेले होते. त्या बाजूला बघत तो म्हणाला, "त्या खेळात रिकाम्या चेंडूलाबी काय देत्यात म्हनं?"

"टिंब."

"का?"

"कष्ट झालेलं असत्यात, म्हनून."

 "मंग वरच्या तुकड्याचं एक टिंब द्या," चिमाजी म्हणाला.

रखमाजी हसला नाही. तो खाली बसला. खळे सकाळीच सारवलेले होते आणि कडेची जमीन अजून ओलसर होती. देवीच्या पानापासून थोडे अंतर सोडून त्याने तिच्यात अंगठा दाबला, आणि टिंब नीट उमटले आहे की नाही ते दोघांनीही वाकून बघितले.